मेंढीचे वय आणि आतड्याचे रोग

(पंचायत समितीचे सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी-कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मी पशुवैद्य नाही. कलाशाखेचा पदवीधर असलेला एक माहिती अधिकारी आहे. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मिळविलेले ज्ञान गावाच्या वेशीपर्यंत, आणि आजच्या विषयापुरते बोलावयाचे तर मेंढपाळाच्या वाड्यापर्यंत, त्याला उमजेल अशा भाषेत पोहोचविणे एवढेच माझे काम आहे. तेव्हा औषधयोजनेचा निर्णय आपण आपल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांवर सोपवू. रोग कोणत्या वयात, का आणि कसा येतो, हे मात्र आपणा सर्वांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. सातारा, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यांत हजारो कुटुंबांचा संसार या जनावरावर चालतो. ज्याच्याजवळ शेत नाही, त्याचे सारे भांडवल चार पायांवर उभे असते. मुलीचे लग्न, घरातील आजारपण, मुलाच्या शाळेची फी, सारे काही कोकरांच्या विक्रीवर अवलंबून. अशा घरातील पाच-सहा कोकरे एका आठवड्यात दगावली, तर ती केवळ कळपातील घट नसते. त्या वर्षीचा हिशेबच मोडून पडतो.

या मृत्यूंत एक विलक्षण कोडे आढळते. जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत हगवणीने जी कोकरे मरतात, त्यांत अशक्त, आईचे दूध पुरेसे न मिळालेली कोकरे पुष्कळ असतात. हे कोणालाही समजण्यासारखे आहे. परंतु तीच कोकरे महिना-दीड महिन्याची झाली की उलटा प्रकार दिसू लागतो. आता मरते ते कळपातील सर्वांत गुटगुटीत, सर्वांत देखणे कोकरू. रात्री वाघरीत धडधाकट असलेले पोर सकाळी मान मागे टाकून, पाय ताणून निपचित पडलेले असते. मग कोणी म्हणतो, नजर लागली. कोणी म्हणतो, शेजाऱ्याने काहीतरी खाऊ घातले. नजर नाही आणि शेजारीही नाही. या कोड्याचे उत्तर कोकराच्या वयात आहे.

एकच जंतू, निरनिराळी विषे

मेंढीच्या आतड्यात अनेक सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात. त्यांपैकी एकाचे शास्त्रीय नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटाल यांनी १८९१-९२ च्या सुमारास हा जंतू प्रथम ओळखला. तो मातीत असतो, शेणात असतो, आणि निरोगी जनावराच्या आतड्यातही अल्प प्रमाणात असतो. तो बाहेरून आलेला शत्रू नव्हे, घरातलाच भाडेकरू आहे. त्याची संख्या बेताची असते तोवर तो उपद्रव देत नाही. ती एकदम वाढली की तो विष निर्माण करतो, आणि जनावर मरते ते या विषाने. आपल्याकडे या रोगाला आंत्रविषार असे समर्पक नाव आहे.

या जंतूचे काही प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराचे विष वेगळे. आपल्या विषयापुरते त्यांतील तीन महत्त्वाचे. ‘बी’ आणि ‘सी’ या प्रकारांचे मुख्य घातक विष म्हणजे बीटा विष. ‘डी’ प्रकाराचे म्हणजे एप्सिलॉन विष. या दोन विषांचे एका पाचकरसाशी असलेले नाते समजले, की वयाचे कोडे आपोआप उलगडते.

त्या पाचकरसाचे नाव ट्रिप्सिन. तो स्वादुपिंडात तयार होऊन लहान आतड्यात येतो आणि अन्नातील प्रथिनांचे तुकडे करतो. बीटा विष हेही एक प्रथिनच असल्यामुळे ट्रिप्सिन त्याचा नाश करतो. एप्सिलॉन विषाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. जंतूच्या शरीरातून ते बाहेर पडते तेव्हा जवळजवळ निरुपद्रवी असते. ट्रिप्सिनने त्याचा एक लहानसा तुकडा छाटला, म्हणजे ते जागे होते आणि जहाल बनते. एकाच कात्रीने एक विष कापले जाते आणि दुसऱ्याला धार लागते.

पहिले दोन आठवडे

नवजात कोकराच्या आतड्यात ट्रिप्सिन फारच थोडा असतो. शिवाय आईच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, ट्रिप्सिनला रोखून धरणारा एक पदार्थ निसर्गतःच असतो. निसर्गाने तो व्यर्थ ठेवलेला नाही. चिकातून येणारी रोगप्रतिकारक द्रव्ये पचून नष्ट होऊ नयेत, ती अखंड स्वरूपात कोकराच्या रक्तात जावीत, यासाठी ही योजना आहे. परंतु तिचा दुसरा परिणाम असा की, त्याच काळात ‘बी’ किंवा ‘सी’ प्रकारचा जंतू आतड्यात वाढला, तर त्याच्या बीटा विषालाही कोणी अडवीत नाही. आतड्याचे अस्तर सडू लागते, रक्तमिश्रित हगवण लागते, कोकरू दूध पिणे सोडते, पोट दुखत असल्यामुळे ओरडते आणि एक-दोन दिवसांत मरते. काही वेळा हगवण दिसण्यापूर्वीच ते गतप्राण होते. ‘बी’ प्रकाराची ही हगवण मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांतील कोकरांत आढळते.

याच कोवळ्या वयात कोलाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जंतूंचाही उपद्रव होतो. त्यांच्या काही जाती आतड्याच्या आतील पेशींना चिकटून बसतात. चिकटण्यासाठी लागणारी जागा नवजात कोकराच्या पेशींवर मुबलक असते आणि वय वाढते तशी ती कमी होत जाते. म्हणून ही पाण्यासारखी हगवण पहिल्या काही दिवसांचा रोग होय. आठवडा पार केलेल्या कोकराला तिचे भय पुष्कळ कमी होते.

मग या दिवसांत कोकराचे रक्षण कोण करते? येथे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असा एक मुद्दा आहे. मानवी बालकाला आईची प्रतिकारद्रव्ये गर्भाशयातच, वारेमधून मिळतात. मेंढीच्या वारेमधून ती जात नाहीत. कोकरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याची सारी शस्त्रे चिकात असतात, आणि ती उचलून घेण्याची मुदतही मोजकी असते. आतड्यातून ही द्रव्ये रक्तात शोषली जातात ती सुमारे पहिल्या २४ तासांतच, आणि त्यांतही पहिले ६ तास सर्वांत मोलाचे. त्यानंतर हे दार बंद होते. अडीच-तीन किलो वजनाच्या कोकराला पहिल्या दिवसात सुमारे अर्धा लिटर चीक, अनेक वेळा विभागून, मिळणे इष्ट आहे.

वार पडेपर्यंत पिलाला पाजू नये, पहिला चीक जड असतो म्हणून तो पिळून टाकावा, अशा समजुती काही ठिकाणी आढळतात. त्यांची किंमत कोकरू आपल्या प्राणाने चुकविते. जुळ्या कोकरांच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतील गुणाचा उपयोग करून जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी विकसित केली आहे. उत्पन्नाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होय. परंतु दोन कोकरे म्हणजे चिकाचे दोन वाटेकरी. त्यांतील दुबळ्याला हाताने धरून पाजणे, प्रसंगी दुसऱ्या ताज्या विलेल्या मेंढीचा चीक बाटलीने देणे, हा जुळ्यांच्या संगोपनाचाच एक भाग मानला पाहिजे.

तीन आठवड्यांनंतर

दिवस जातात. कोकराचे स्वादुपिंड कामाला लागते, चिकातील तो रोधक पदार्थही राहात नाही, आणि आतड्यात ट्रिप्सिन भरपूर येऊ लागतो. बीटा विषाचा धोका मावळतो. पण कात्री आता दुसऱ्या विषाला धार लावण्यास सज्ज असते. साधारणपणे ३ ते १० आठवड्यांच्या वयात, आणि पुढे दूध तोडल्यानंतर वर्षाच्या आतबाहेरच्या वयात, ‘डी’ प्रकाराच्या आंत्रविषाराचा जोर दिसतो.

या वेळी बळी धष्टपुष्टांचाच का जातो? कारण या जंतूला वाढण्यासाठी पिष्टमय व साखरयुक्त अन्न हवे असते. एकुलते कोकरू, भरपूर दूध असलेली आई, किंवा दूध तोडल्यावर अचानक मिळालेला धान्याचा खुराक, अशा स्थितीत न पचलेले अन्न लहान आतड्यात उतरते. जंतूंना मेजवानी मिळते, त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि विष साठू लागते. हे विष आतड्याची भिंत सैल करून स्वतःच रक्तात शिरण्याची वाट मोकळी करते, रक्तवाहिन्यांना इजा करते आणि मेंदूला सूज आणते. म्हणून झटके येतात, मान मागे ओढली जाते आणि काही तासांतच सारे संपते. शवविच्छेदनात मूत्रपिंडे मऊ, लिबलिबीत झालेली आढळतात. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलेले दिसते. लघवीत साखर सापडते. पश्चिम ऑस्ट्रेलियात एच. डब्ल्यू. बेनेट्स यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी मेंढ्यांतील या मृत्यूंमागे ‘डी’ प्रकाराचे विष असल्याचे दाखवून दिले. जे कोकरू अधिक खाते तेच अधिक धोक्यात असते. तेथे नजरेला जागाच उरत नाही.

आपल्याकडे हे प्रसंग दोन वेळा विशेषकरून येतात. एक, पहिल्या पावसानंतर माळावर कोवळे, लुसलुशीत गवत उगवते तेव्हा. उन्हाळाभर वाळल्या काड्यांवर दिवस काढलेला कळप त्यावर तुटून पडतो. दुसरा, ज्वारी-बाजरीच्या काढणीनंतर शेतात मेंढ्या बसविल्या जातात तेव्हा. खतासाठी शेतकरी आनंदाने मेंढ्या बोलावतो, पण रानात गळालेली कणसे मेंढ्या अधाशीपणे खातात. उपाय खर्चाचा नाही. रानात सोडण्यापूर्वी कळपाला थोडा वाळला चारा द्यावा, पहिले काही दिवस कोवळ्या गवतावर थोडाच वेळ चारावे, आणि धान्याचा खुराक एकदम न देता आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावा.

प्रौढ मेंढी आणि दडून बसलेला रोग

प्रौढ मेंढीत आंत्रविषार तुलनेने कमी दिसतो. आयुष्यभर या विषाच्या अल्पशा मात्रा पोटात जात राहिल्यामुळे, किंवा लस टोचल्यामुळे, तिच्या रक्तात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. याचा अर्थ ती अभेद्य असते असा नव्हे. चाऱ्यात एकाएकी बदल झाला की प्रौढ मेंढ्याही मरतात. इंग्लंडच्या केंट परगण्यातील रोमनी मार्श या सखल कुरणांत ‘सी’ प्रकाराचा जंतू मोठ्या मेंढ्यांचाच बळी घेत असल्याचे १९३० च्या सुमारास सिद्ध झाले होते. साल्मोनेला हा जंतू तर कोणत्याही वयात गाठतो. लांबचा प्रवास, उपासमार, गर्दी आणि गाभणपणाचे अखेरचे दिवस हे त्याला विशेष अनुकूल असतात, आणि त्याने गाभण मेंढ्या गाभडतात. हा जंतू माणसालाही बाधतो. म्हणून हगवण लागलेली कोकरे हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय वाड्यावरील मुलांना लावणे, हे शाळेचेही काम आहे.

एक रोग मात्र वयाचा हिशेब अगदी निराळ्या रीतीने मांडतो. त्याचे नाव जोन्स रोग. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे योने आणि फ्रॉथिंगहॅम यांनी १८९५ मध्ये गाईच्या आतड्यात त्याचे जंतू प्रथम पाहिले. त्याची लागण बहुधा कोवळ्या वयात होते. शेणाने माखलेल्या सडांतून, दूषित दुधातून वा चाऱ्यातून जंतू कोकराच्या पोटात जातो. पुढे दोन-तीन वर्षे काहीच दिसत नाही. मग ऐन उमेदीच्या वयात मेंढी खाते-पिते, तरीही खंगत जाते. मेंढीत हगवण दरवेळी असतेच असे नाही. या रोगावर खात्रीचा इलाज नाही. मृत्यू चौथ्या वर्षी दिसतो, पण त्याचे बी पहिल्या महिन्यात, अस्वच्छ वाघरीत पडलेले असते. कोकरांची जागा कोरडी ठेवणे, ती वरचेवर बदलणे आणि खंगलेल्या मेंढ्या वेगळ्या करणे, हाच येथे मार्ग.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. प्रत्येक हगवण जंतूंचीच असते असे नाही. जंत, रक्तीहगवण आणणारे कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी, पीपीआरसारखे विषाणुजन्य रोग यांतही हगवण लागते. म्हणून कोकराचे नेमके वय सांगून, शक्य तर मेलेले जनावर ताबडतोब दाखवून, पशुवैद्याकडून निदान करून घ्यावे. ‘कोकरू किती दिवसांचे होते?’ या प्रश्नाचे अचूक उत्तर निदानाचे अर्धे काम करून जाते.

लशीची तारीख कोणी ठरवावी?

आता मी आपल्या, म्हणजे शासन आणि पंचायत यांच्या, जबाबदारीकडे वळतो. आंत्रविषारावर प्रतिबंधक लस आहे. पुण्यात औंध येथील शासनाच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ती तयार होते. रोग एकदा दिसू लागला की उपचारास सवड मिळत नाही. म्हणून ही लस हाच खरा आधार. पण ती केव्हा टोचावयाची?

पावसाळ्यापूर्वी, शक्यतो मे महिन्यात, कळपाला लस द्यावी असा परिपाठ आहे आणि तो योग्यच आहे. नव्या गवताचा धोका त्यामुळे टळतो. परंतु तेवढ्याने भागत नाही. गाभण मेंढीला विण्यापूर्वी ४ ते ६ आठवडे लस दिली, तर तिच्या चिकात प्रतिकारद्रव्ये भरपूर उतरतात. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डॅलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकरांच्या हगवणीविरुद्ध हेच तत्त्व वापरले. आईला टोचावे आणि कोकराला वाचवावे. अशा मेंढीच्या कोकराला पहिली लस चौथ्या महिन्याच्या सुमारास द्यावी. आईला लस मिळालेली नसेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने पहिल्या आठवड्यातच सुरुवात करावी. दोन्ही बाबतींत सुमारे १५ दिवसांनी दुसरी मात्रा आवश्यक आहे. पहिली मात्रा शरीराला शत्रूची ओळख करून देते. पुरेसे संरक्षण मिळते ते दुसरीने. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडील नेहमीची लस मुख्यत्वे ‘डी’ प्रकाराविरुद्ध असते. लस टोचली म्हणजे पहिल्या आठवड्यातील हगवणही टळली, असा समज करून घेऊ नये. तेथे चीक आणि स्वच्छता यांना पर्याय नाही.

अडचण कोठे येते, हे आपण जाणताच. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडे घाटाखाली वा बागायती मुलखाकडे निघतात आणि मृगाच्या तोंडाशी परत येतात. अनेक वाड्यांत मेंढ्या वितात त्या वाटेवरच. शिबिर गावात भरते तेव्हा कळप दोन तालुके पलीकडे असतो. कागदोपत्री उद्दिष्ट पूर्ण होते, कारण गावात राहिलेल्या मेंढ्यांना लस मिळालेली असते. ज्या कोकरांना तिची गरज होती ती मात्र आपल्या नोंदवहीत नसतातच. लशीची तारीख आर्थिक वर्षाने ठरवावयाची नसते. ती कोकराच्या वयाने आणि मेंढीच्या विण्याच्या दिवसाने ठरवावयाची असते.

म्हणून तीन सूचना आपल्यापुढे ठेवतो. पहिली, मे महिन्यातील शिबिराच्या जोडीला वाडे बाहेर पडण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधी, गाभण मेंढ्यांसाठी दुसरे शिबिर भरवावे. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. मेंढा कळपात केव्हा सोडला एवढे विचारले तरी विण्याचा अंदाज बांधता येतो. दुसरी, प्रत्येक वाड्याजवळ एक साधी वही द्यावी. तीत विण्याची तारीख, लशीची तारीख आणि दुसऱ्या मात्रेची तारीख लिहावी, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातील दवाखान्यातही पुढची मात्रा घेणे सोपे होईल. वाड्यावर शाळेत जाणारे एखादे मूल असतेच. ही वही ठेवण्यासारखा गणिताचा दुसरा पाठ नाही. तिसरी, लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती माळावर पोहोचेपर्यंत बर्फात राहील, याची काळजी वाहनाची व्यवस्था करतानाच घेतली जावी. उन्हात तापलेली लस टोचल्याने आकडा वाढेल, कोकरू वाचणार नाही.

मित्रहो, ज्या रोगाचा ठेकाच वयाशी जुळलेला आहे, त्याच्याशी सामनाही वय पाहूनच करावा लागतो. पहिल्या सहा तासांत चीक, पहिल्या पंधरवड्यात कोरडी जागा, तीन आठवड्यांपासून चाऱ्यावर नजर, योग्य महिन्यात लस आणि तिची दुसरी मात्रा, एवढेच हे वेळापत्रक आहे. ते पाळण्यास मोठा निधी लागत नाही. वाड्याकडे जाणारी पायवाट आपण तुडवावी लागते. येत्या दसऱ्यापूर्वी आपापल्या गणातील वाड्यांची आणि त्यांतील गाभण मेंढ्यांची यादी आपण करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.